अंगठा गेला, ओटीपी आला



बाईला सही करायला शिकवणे हे आपल्या चळवळीचे फार जुने काम. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावच्या महिला मंडळांत बायका पाटीवर नाव गिरवत होत्या. ती नुसती अक्षरओळखीची हौस नव्हती. भावाने हक्कसोडपत्रावर, सावकाराने कर्जाच्या कागदावर, नवऱ्याने घराच्या कागदावर बाईचा अंगठा उठवून घ्यायचा आणि कागदात काय आहे हे तिला मागाहून कळायचे, हे आपण पाहिले होते. अंगठा तिचा आणि मर्जी दुसऱ्याची. म्हणून आपण म्हणायला लागलो, वाचल्याशिवाय अंगठा नाही.

आज त्या अंगठ्याची जागा सहा आकड्यांनी घेतली आहे. मोबाईलवर ओटीपी येतो, तो सांगितला की बँकेतून पैसे निघतात, योजनेचा अर्ज मंजूर होतो, आधारची माहिती बदलते. ओटीपी सांगणे म्हणजे सही करणेच. मग ज्या बाईला डोळ्यांनी दिसत नाही, तिचा ओटीपी कोण वाचतो? दीर वाचतो, भाऊ वाचतो, सेतू केंद्रावरचा मुलगा वाचतो, शेजारचा शाळकरी पोरगा वाचतो. ती स्वतः वाचत नाही. वाचल्याशिवाय अंगठा नाही असे म्हणणाऱ्या आपण या नव्या अंगठ्याबद्दल गप्प का आहोत, एवढाच माझा प्रश्न आहे.

"अंध बाई स्मार्टफोन कसा वापरणार?" असे कार्यकर्त्या मैत्रिणीही सहज विचारतात, म्हणून आधी त्याचे उत्तर देते. फोन बोलतो. २००९ सालापासून आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आहे, त्याच वर्षी अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आले. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत ही सोय आधीपासून असते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. ती सुरू केली की पडद्यावर बोट फिरवताना बोटाखाली जे असेल ते फोन बोलून दाखवतो, आणि हवे ते सापडले की दोनदा टिचकी मारायची. हे बोलणे मराठीतही होते. आलेला निरोप ऐकता येतो, बोलून उत्तर लिहिता येते, छापील देवनागरी कागदासमोर कॅमेरा धरून तो वाचून घेता येतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेले 'मणी' नावाचे ॲप हातातली नोट कितीची हे सांगते, इंटरनेट नसतानाही सांगते, आणि आता मराठीतूनही सांगते. बाजारात शंभराची म्हणून पन्नासाची नोट हातावर टेकवली गेलेल्या अंध बाईला विचारा या सोयीची किंमत.

तेव्हा अडचण डोळ्यांची नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, फोन बाईच्या हातात नाही. दोन, फोन हातात आला तरी सरकारने आणि बँकांनी त्यात जी दारे बसवली आहेत, ती तिच्यासाठी बंद आहेत. यातली पहिली अडचण पुरुषसत्तेची आहे हे सांगायला नको. दुसरीही तिचीच आहे, हे मला या लेखात सांगायचे आहे.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मी काम करते. मुंबईहून लोकलने येता येते म्हणून हा भाग शहराजवळचा समजला जातो. पण कर्जत किंवा खोपोली स्टेशनात उतरल्यावर वाडीपर्यंतची वाट वेगळी असते. ठाकर आणि कातकरी वाड्यांत रेंजसाठी टेकाडावर जावे लागते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर गेलेले कुटुंब फोन बरोबर घेऊन जाते, आणि मागे राहिलेली म्हातारी किंवा अंध बाई फोनाविना राहते. घरात फोन एक, तो कर्त्या पुरुषाच्या खिशात. दुसरा आला तर तो मुलाचा. बाईचा नंबर तिसरा, आणि अंध बाईचा नंबरच लागत नाही, कारण "तिला काय करायचाय?"

हे फक्त आपल्या भागाचे रडगाणे नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता, आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया होत्या ३३ टक्के, पुरुष मात्र ५७ टक्के. डोळस बायांची ही गत. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचे अपंगत्व असलेली सुमारे ५० लाख माणसे नोंदली गेली. त्यांतल्या बायांच्या हातात फोन आहे का, हे आपल्या कोणत्या सर्वेक्षणात विचारलेले मला आठवत नाही.

खालापूर तालुक्यातल्या एका बाईची हकीकत सांगते. नवरा वारला, दृष्टी जवळजवळ गेलेली, निराधार अनुदान मंजूर. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर घरातल्या एका पुरुषाचा. "या महिन्याचे आले नाहीत", "सरकारने थांबवलेत" असे तिला सांगितले जाई आणि तिने ते खरे मानले. तिच्या नावाचा नंबर आणि टॉकबॅक सुरू केलेला जुना फोन तिच्या हातात आला, तेव्हा बँकेचा संदेश तिने स्वतःच्या कानांनी ऐकला. पैसे येत होते. त्या घरात त्यानंतर काय वादळ झाले ते वेगळे सांगत नाही, पण त्या दिवसापासून फोन ती उशाखाली घेऊन झोपते.

दुसरी कर्जतकडची मुलगी. मुंबईत अंध मुलींच्या शाळेत शिकली, ब्रेल येते, फोन डोळस मुलींपेक्षा भराभर चालवते. शिक्षण संपवून घरी आली आणि फोन काढून घेतला गेला. कारण? "दिवसभर कोणाशी बोलत असते कोण जाणे." अंध मुलीला वाढवताना ज्या घराने तिला नाजूक काचेसारखी सांभाळली, त्याच घराला तिचा आवाज दाराबाहेर गेलेला चालेना. आपल्या चळवळीला ही भाषा ओळखीची नाही का? मुलीला सायकल देऊ नका, शाळेत एकटी पाठवू नका, फोन देऊ नका. संरक्षणाच्या नावाखाली बंधन. अंध मुलीच्या बाबतीत हे बंधन 'काळजी' म्हणून सर्वांना पटते, एवढाच फरक.

आता दुसरे दार. समजा बाईने भांडून फोन मिळवला, टॉकबॅक शिकून घेतले. ती सरकारी ॲप उघडते. स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र वाचत नाही, चित्रामागे लिहिलेले नाव वाचतो. ॲप बनवणाऱ्याने बटनाला नाव दिलेले नसेल तर फोन नुसता "बटन, बटन, बटन" म्हणत राहतो. पाच बटने आणि नाव एकाचेही नाही. यांतले 'रद्द करा' कोणते आणि 'मान्य आहे' कोणते? हे नाव लिहायला ॲप बनवणाऱ्याला एक ओळ पुरते. पुढे 'कॅप्चा' येतो, म्हणजे वाकडीतिकडी अक्षरे डोळ्यांनी ओळखून भरायची. समोरचा माणूस आहे की यंत्र, हे तपासायला तो ठेवलेला असतो. ज्या कॅप्चाला ऐकण्याची सोय नाही, त्याच्या हिशेबी अंध बाई माणसात जमा नाही. मग चेहरा कॅमेऱ्यासमोर धरा, डोळ्यांची उघडझाप करा. आणि ओटीपी? तो काही मिनिटांतच शिळा होतो. निरोप ऐकून, लक्षात ठेवून, पुन्हा ॲपमध्ये येऊन रकाना शोधेपर्यंत वेळ संपलेली असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीचे केले. दरमहा १५०० रुपयांची ही योजना. दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढी रक्कम घेणारी बाई यात बसत नाही, त्यामुळे संजय गांधी निराधार अनुदान घेणाऱ्या अंध बाया यातून बाहेर. पण ज्यांची नजर गेली आहे आणि हातात अपंगत्वाचा दाखला नाही, अशा बाया थोड्या नाहीत. दाखल्याची वाट जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत, अलिबागपर्यंत जाते, आणि कर्जतच्या वाडीवरून अलिबाग गाठायचे तर दिवसाची मजुरी आणि सोबतीला एक माणूस लागतो. दाखला नाही, म्हणून त्या सरकारदरबारी अंध नाहीत आणि 'लाडक्या बहिणी' म्हणूनच यादीत आहेत.

या ई-केवायसीत काय मागितले? आधार क्रमांक, कॅप्चा, ओटीपी. आणि त्यानंतर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी. बाईला तिच्या हक्काचे पैसे मिळायला पुरुषाच्या फोनची परवानगी! टाकलेल्या बाईने नवऱ्याचा ओटीपी आणायचा कुठून? ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटित बायांसाठी वेगळी सोय करावी लागली, मुदत वाढवावी लागली. पण अंध बाईचे काय, हा प्रश्न त्या ओरडीत कोणी विचारला? तिच्यासाठी तर दोन्ही ओटीपी परक्याच्या तोंडून. आपला एक आणि नवऱ्याचा एक.

असे म्हटले की दयाळू माणसे पुढे येतात. "घरचे आहेत ना करायला! सगळ्यांना थोडेच सगळे जमते?" बँकेच्या काउंटरवरही हीच दया भेटते. "एटीएम कार्ड कशाला, कोणाला तरी खात्यात जोडून घ्या, तुमच्याच भल्यासाठी सांगतो." रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ रोजीच बँकांना कळवले होते की चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज यांतली कोणतीही सोय अंध ग्राहकाला भेदभाव न करता द्यायची. इतकी वर्षे झाली, तरी 'तुमच्याच भल्यासाठी' चालूच आहे. मदतीला माझा विरोध नाही. आपण सगळ्याच एकमेकींच्या मदतीने जगतो. पण मदत घ्यायची की नाही आणि कोणाची घ्यायची, हे ठरवणे बाईच्या हाती नसेल तर ती मदत राहत नाही, तो ताबा होतो. शासनाने अपंगांना 'दिव्यांग' हा नवा शब्द दिला, डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही झाले. शब्द दिव्य झाला, बटन मुके राहिले.

फसवणुकीची भीती घालणारेही आहेत. "अंध बाईच्या हातात फोन दिला तर कोणीही लुबाडेल." डोळस माणसे रोज लुबाडली जात आहेत, त्यांचे फोन कोणी काढून घेत नाही. त्यांना १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक सांगितला जातो. अंध बाईलाही तो सांगा. आणि वरच्या हकीकतीत बाईला लुबाडणारा फोनच्या पलीकडे नव्हता, घराच्या आत होता.

हिंसाचाराचा मुद्दा मुद्दाम वेगळा मांडते. मारहाण करणाऱ्या माणसाच्या हातातच बाईचा फोन असेल तर ती मदत मागणार कशी? बहुतेक स्मार्टफोनांवर चालू-बंद करण्याचे बटन लागोपाठ दाबले की ११२ ला मदतीची हाक जाते. या बटनाला डोळे लागत नाहीत, बोट लागते. पण हे अंध बायांना सांगितलेच नाही तर? पोलिसांत तक्रार करायची तर लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत अपंग स्त्रीची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी येऊन नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आहे, आणि आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २०१३ पासून होते. "दिसत नाही तर आरोपी ओळखला कसा?" हा प्रश्नही आता चालणार नाही. २७ एप्रिल २०२१ रोजी पतन जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका अंध दलित मुलीने आवाजावरून केलेली ओळख ग्राह्य धरली आणि अपंग स्त्रीची साक्ष ती अपंग आहे म्हणून कमी प्रतीची मानता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. जात, लिंग आणि अपंगत्व एकाच बाईवर एकदम कसे कोसळतात, हेही त्या निकालात आहे. आपल्या अभ्यासवर्गांत तो वाचला पाहिजे.

कायदा आपल्या बाजूचा आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे कलम १३ म्हणते की अपंग व्यक्तीला स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः करण्याचा समान हक्क आहे. कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमे सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे किमान निकष सक्तीचेच हवेत, ते सल्ल्याच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही. आणि ३० एप्रिल २०२५ चा निकाल तर आपल्या सर्वांच्या घरी पोचायला हवा. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीला बँक खाते उघडताना डोळ्यांची उघडझाप करून दाखवायला सांगितले गेले, जे तिला शक्य नव्हते. तिची याचिका आणि अमर जैन या अंध वकिलांची याचिका न्यायालयाने एकत्र ऐकली. डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे ठरवून न्यायालयाने २० निर्देश दिले. ॲप आणि संकेतस्थळांची तपासणी करा, तपासताना अंध माणसांना सोबत घ्या, उघडझापीला दुसरा पर्याय द्या, आणि कागदावरचे केवायसी बंद करू नका, हे त्यांतले काही. पुरुषी सूडाने डोळे गेलेली स्त्री आणि जन्माने किंवा आजाराने अंध झालेली व्यक्ती यांचा प्रश्न एकच आहे, हे न्यायालयाला दिसले. त्यानंतर पाच महिन्यांत आपल्या राज्यात नवऱ्याच्या ओटीपीची सक्ती आली.

"वाडीवर पाणी नाही, रस्ता नाही, आणि तुम्ही स्मार्टफोनचे काय घेऊन बसलात?" हा आक्षेप आपल्यातूनच येतो, आणि तो प्रामाणिक आहे. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, त्या भागात राहून मी पाण्या-रस्त्याचा प्रश्न लहान कसा म्हणेन? पण रेशन, अनुदान, दाखला, तक्रार हे सगळे सरकारने फोनमध्ये नेऊन ठेवले आहे. ते आपण मागितले नव्हते. म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. फोन सक्तीचा करायचा असेल तर तो अंध बाईला वापरता आलाच पाहिजे. आणि ज्या बाईला फोन नको आहे, परवडत नाही, किंवा वाडीत रेंज नाही, तिच्यासाठी कागदाचा रस्ता उघडा राहिलाच पाहिजे. यातला एकच अर्धा घेऊन आपण गप्प बसायचे नाही.

आपल्या संघटनांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आठ मार्चच्या मेळाव्याचे निमंत्रण व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून फिरते. त्यावर सुंदर रंग असतात, घोषणा असतात, आणि अंध मैत्रिणीच्या फोनला त्यातले एक अक्षरही ऐकू येईल याची शाश्वती नसते. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली पत्रके स्क्रीन रीडरला अर्थहीन अक्षरांची रांग वाटतात. शासन निर्णयाची स्कॅन केलेली पाने तशीच पुढे ढकलली जातात. अपंगांच्या संघटनेत बाई मागच्या रांगेत बसते आणि बायकांच्या संघटनेत अंध बाईला निमंत्रणच पोचत नाही, मग तिने जायचे कुठे?

कामाला कुठून सुरुवात करता येईल ते लिहिते.

१. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. नगरपरिषदांनाही हे बंधन आहे. ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत ठराव मांडा, की या निधीतून गावातल्या अंध बायांना त्यांच्या स्वतःच्या नावाचे सिमकार्ड, फोन आणि इअरफोन मिळावेत. इअरफोन चैनीची वस्तू नाही. त्याच्याशिवाय बाईचा ओटीपी आणि तिचे खासगी निरोप सगळे घर ऐकते.

२. बचत गटाच्या बैठकीत टॉकबॅक शिकवा, आणि शिकवायला अंध बाईलाच बोलवा. तिचे मानधन द्या. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर आवाजाची दोन्ही बटने काही सेकंद एकत्र दाबून धरली की टॉकबॅक सुरू करता येते. आशाताई आणि अंगणवाडी ताईंना एवढे माहीत असले तरी पुष्कळ.

३. अंध बाईच्या बँक खात्याला आणि आधारला कोणाचा नंबर जोडला आहे, हे गावोगाव तपासा. तिला एकटीला विचारा, घरच्यांसमोर नको.

४. जे सरकारी ॲप बोलत नाही, त्याची लेखी तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करा. कोणत्या पानावर कोणते बटन मुके आहे, ते नेमके लिहा. तक्रार अंध बाईच्या नावाने आणि तिच्या शब्दांत असू द्या.

५. संघटनेचे प्रत्येक पत्रक युनिकोड मजकुरात पाठवा. चित्र पाठवायचेच असेल तर खाली मजकूर लिहा, किंवा आवाजात बोलून पाठवा.

६. ई-केवायसीत पुरुषाचा ओटीपी मागणारी अट कोणत्याही योजनेत येईल, तेव्हा ती रद्द करण्याची मागणी सर्व संघटनांनी मिळून करावी. ही मागणी अंध बाईची आहे, आणि आपल्यापैकी प्रत्येकीची आहे.

यांतल्या एकाही कामाला मोठा निधी किंवा प्रकल्प लागत नाही. लागते ती अंध बाईला लाभार्थी न मानता कार्यकर्ती मानण्याची तयारी. आपल्या पुढच्या तालुका बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, आणि त्या बैठकीचे निमंत्रण आपल्या भागातल्या अंध मैत्रिणीला तिच्या स्वतःच्या फोनवर, तिला ऐकता येईल असे पाठवा.